थोड्या जागेत फुलं लावली आहेत, पण तोडून आणली की दोन दिवसांत माना टाकतात. नक्की काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की चार वाफे आहेत, झिनिया, कॉसमॉस, ग्लॅडिओलस, थोडे गुलाब, झाडं छान आहेत पण घरात आणलेली फुलं टिकत नाहीत, आणि शिवाय फूल तोडायला जीव होत नाही म्हणून बरीचशी झाडावरच सुकतात. मी छोटी फुलशेती करतो, म्हणून आधी त्या शेवटच्या वाक्याचं बोलतो कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

तोडा. बिनधास्त तोडा. झिनिया, कॉसमॉस, झेंडू ही सगळी एका हंगामाची झाडं, त्यांना फुलाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना बी धरायचं असतं. फूल झाडावर राहिलं की ते बी भरायला लागतं आणि मग नवीन कळ्या आपोआप कमी होतात. तुम्ही फूल काढून नेलंत की झाड पुन्हा कामाला लागतं. आणि काढताना फुलाखाली चार बोटांवर नाही तोडायचं हं, चांगलं खाली जायचं, जिथे पानांची जोडी आहे तिच्या जरा वर कापायचं, त्या जोडीच्या बेचक्यातून दोन फुटवे येतात आणि पुढचे दांडे लांब मिळतात. सुरुवातीला हात धजावत नाही कारण त्या दांड्यावरच्या दोन कळ्याही जातात, पण जाऊ द्या, आखूड कापत राहिलात तर पुढची सगळी फुलं आखूड देठांची येतात आणि मग ती कुठल्याच फ्लॉवरपॉटात नीट बसत नाहीत. ग्लॅडिओलस मात्र वेगळा, त्याला तळाशी निदान चार पानं ठेवून कापा, नाहीतर जमिनीतला कंद पोसला जात नाही आणि पुढच्या वर्षी फूल बारीक येतं. आणि एकदांडी सूर्यफुलाला एकच फूल, कापलं की विषय संपला.

आता टिकण्याचं. बहुतेक लोक पाण्यात काय टाकू असं विचारतात, पण निम्मा निकाल त्याआधीच लागलेला असतो, फूल कुठल्या अवस्थेत तोडलं त्यावर. आणि ही अवस्था प्रत्येक फुलाची निराळी आहे, सगळ्यांना एकच नियम लावला की गडबड होते. झिनियाचं सोपं आहे, फुलाच्या वीतभर खाली दांडा धरायचा आणि हलकेच हलवायचा, मान लटलट हलली तर अजून कच्चं आहे, सोडून द्या, दांडा ताठ राहिला तर कापा. कच्ची झिनिया पाण्यात उमलत नाही, मान टाकते, तुमचं हेच होतंय असा माझा दाट संशय आहे. डेलियाही कापल्यावर फारसा उमलत नाही, म्हणून जवळजवळ पूर्ण उमललेला घ्यायचा, पण मागच्या पाकळ्या बोटाने दाबून बघायच्या, मऊ किंवा कागदासारख्या लागल्या तर ते फूल म्हातारं आहे.

याच्या बरोब्बर उलट ग्लॅडिओलस. तळाच्या दोनतीन कळ्यांना रंग दिसायला लागला की कापायचा, बाकीच्या घरात एकेक करून उमलतात आणि तीच तर त्याची मजा. निशिगंध लावलात तर तळाची दोनतीन फुलं उमलली की. सूर्यफूल पूर्ण उघडायची वाट बघू नका, पाकळ्या मधल्या चकतीवरून सुटायला लागल्या की पुरे. कॉसमॉस नुकताच उघडत असताना, कारण मधमाशी बसून परागीभवन झालं की पाकळ्या लवकर गळतात (स्नॅपड्रॅगनचंही तेच). गुलाबाची कळी अगदी घट्ट असताना कापली तर ती न उमलता मानेतून वाकते, कळीखालची हिरवी दलं खाली वळलेली आणि बाहेरची एखादी पाकळी सैल झालेली हवी. वाकलाच तर टाकून देऊ नका, देठ परत कापा आणि अख्खा गुलाब फुलासकट कोमट पाण्यात तासभर आडवा बुडवून ठेवा, बऱ्याचदा मान परत सरळ होते.

वेळ सकाळची, दव वाळल्यावर पण ऊन चढायच्या आत. दुपारी पानांतून पाणी उडत असतं, दांडे आधीच तहानलेले असतात, त्यात आपण कापणार म्हणजे झालंच. सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी उशिरा. बादली सोबत न्यायची आणि कापलं की लगेच पाण्यात, हातात गुच्छ धरून बागभर फिरायचं नाही. ग्लॅडिओलस उभेच ठेवा बरं का, आडवे ठेवले तर शेंडे वरच्या बाजूला वळतात आणि मग ते वाकडे ते वाकडेच. घरी आल्यावर पाण्यात बुडणारी सगळी पानं काढायची, देठ पुन्हा तिरका कापायचा कारण कापलेल्या टोकात हवा शिरली की पाणी वर चढत नाही, आणि तीनचार तास सावलीत थंड जागी खोल पाण्यात ठेवून मगच सजवायला घ्यायची. एवढं केलं तरी खूप फरक पडतो. फ्रिजमध्ये झिनिया ठेवू नका, थंडी बाधते तिला.

पाण्यात काय टाकायचं? खरं सांगायचं तर स्वच्छ भांडं आणि रोज बदललेलं पाणी याने बहुतेक काम होतं. बादली आणि फ्लॉवरपॉट साबणाने घासायचे, नुसते विसळायचे नाहीत, पाण्यातले जिवाणूच देठाचं तोंड बुजवतात. साखर घालतात ती फुलाला उपयोगी पडते, खास करून निशिगंध आणि ग्लॅडिओलसच्या वरच्या कळ्यांना, पण नुसती साखर म्हणजे जिवाणूंचीही मेजवानी, म्हणून लिटरभर पाण्यात चमचाभर साखर, थोडा लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोनचार थेंब असं तिन्ही एकत्र. तांब्याचं नाणं, ॲस्पिरिन वगैरे मी टाकत नाही. आणि फुलं पिकत्या फळांजवळ ठेवू नका, केळी सफरचंद यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात, डायनिंग टेबलवर हा घोळ हमखास होतो.

लागवडीचं थोडक्यात, कारण तुमची झाडं चांगलीच आहेत. वाफा तीनचार फुटांपेक्षा रुंद नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचायला हवा. झिनिया, कॉसमॉस वीतभर उंच झाले की शेंडा खुडा, फूल आठवडा दोन आठवडे उशिरा येईल पण एकाऐवजी कितीतरी दांडे मिळतील (एकदांडी सूर्यफुलाचा शेंडा चुकूनही खुडू नका). नत्राचं खत हात राखून, कॉसमॉसला तर जास्त पोसलं की नुसता पाला माजतो आणि दांडे लोळतात. सगळं बी एकदम टाकू नका, दर दोनतीन आठवड्यांनी थोडं थोडं टाका, नाहीतर एका आठवड्यात फुलांचा पूर आणि नंतर महिनाभर शुकशुकाट.

एक वाफा तरी वाळवायच्या फुलांना द्या असं मी म्हणेन, गॉम्फ्रेना, स्टॅटिस, कोंबडा, स्ट्रॉफ्लॉवर. छोट्या जुड्या बांधून अंधाऱ्या, कोरड्या, हवेशीर जागी उलट्या टांगायच्या, अंधार यासाठी की उजेडात रंग उडतो. स्ट्रॉफ्लॉवर पूर्ण उमलायच्या आधी कापा कारण तो वाळतानाही उमलत राहतो आणि उशीर केला तर पार मागे वळून मधला भाग उघडा पडतो. कोंबडा बी सांडायला लागायच्या आत.

आणि हो, घरात मांजर असेल तर लिली अजिबात आणू नका, तिचे परागकण किंवा फ्लॉवरपॉटातलं पाणी पोटात गेलं तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. तुमच्या यादीत लिली नाहीये, पण पुढच्या हंगामात काय लावू असं विचारलंय म्हणून सांगून ठेवतो.