पाटीच्या आधी उकड
वाचकांचे प्रश्न : बालशिक्षण

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. नर्सरीतून रोज अ ते ऊ एक पान लिहून आणायला सांगतात. पेन्सिल मुठीत धरतो आणि दोन ओळींत रडायला लागतो. हात धरून गिरवून घेऊ का? (एक आई, रत्नागिरी)

उत्तर : हात धरू नका. तुमच्या हातामागे त्याचा हात फरफटत जातो, त्यात त्याची बोटं काही शिकत नाहीत. या वयात पेन्सिल मुठीत धरणं अगदी स्वाभाविक आहे. आधी खांदा, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटं, असा हातावर ताबा येतो. मनगटातली काही हाडं तर अजून कूर्चाच असतात. अंगठा आणि दोन बोटांची पकड बहुतेक मुलांना साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमते.

शिवाय ‘अ’ वर्णमालेत पहिला असला तरी हाताला फार अवघड. दोन अर्धगोल, जोडरेघ, काना, वर शिरोरेघ! तीन वर्षांचं मूल उभी रेघ आणि गोल काढतं. अधिकचं चिन्ह चारच्या सुमारास येतं, चौकोन त्यानंतर, तिरक्या रेघा त्याहून उशिरा. जुने मास्तर ग म भ न पासून सुरुवात करत ती उगाच नाही, एकाच्या वळणातून दुसरं निघतं.

तूर्त पाटी बाजूला ठेवा आणि मोदकाची उकड काढा. १ वाटी पाण्यात चिमूटभर मीठ आणि १ चमचा तेल घालून उकळी आणा, १ वाटी तांदळाचं पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून ५ मिनिटं झाकण ठेवा. कोमट झाल्यावर पाण्याचा हात लावून तुम्ही मळा आणि त्याला लिंबाएवढा गोळा द्या. पारी करताना तळहात आणि अंगठा कामाला लागतो. कळ्या काढताना अंगठा आणि शेजारची दोन बोटं चिमटतात, आणि पेन्सिलीला हीच तीन बोटं लागतात. मोदक वाकडा होऊ दे, आठ-दहा चिमटे पडले की पुरे. पारी फुटत असेल तर उकड कोरडी राहिली किंवा कमी मळली गेली. बोटांना चिकटत असेल तर पाणी जास्त झालं. आपल्या दमट हवेत ती दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, आंबते.

रंगवायला मेणाचा खडू मोडून इंचभराचा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटं आपोआप चिमटीत येतात. (नवा कोरा लांब खडू मोडायला आयांचा जीव होत नाही, पण मोडाच.) कागद पडवीच्या भिंतीला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा; उभ्या कागदावर मनगट मागे वळतं आणि बोटं मोकळी होतात. पाच-सात मिनिटांत कंटाळला तर तिथेच थांबा.

शाळेच्या डायरीत सरळ लिहा : ‘आज पान लिहिलं नाही. उकडीच्या १० कळ्या काढल्या, भिंतीवर ६ गोल काढले.’ राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, हेही बाईंच्या कानावर घाला. पाच पूर्ण झाल्यावरही चमचा धरणं, मोठी बटणं लावणं जमत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत २२ मुलं, वय ३ ते ६. सगळी घरी मालवणी बोलतात. ‘शुद्ध बोलायला शिकवा’ असं पालकच सांगतात. टोकलं की मुलं गप्प होतात. (अंगणवाडी सेविका, सिंधुदुर्ग)

उत्तर : टोकल्यावर मूल गप्प होतं, आणि गप्प मुलाला भाषा शिकवायची तरी कशी? ‘बाई, माका पानी व्हया’ असं म्हणालं तर ‘पाणी हवंय? हे घे पाणी’ म्हणून पेला हातात द्या. ‘पुन्हा नीट म्हण’ नको. प्रमाण शब्द कानावर पडला, कामही झालं. एकच गोष्ट तीन दिवस सांगा. पहिल्या दिवशी मालवणीत, दुसऱ्या दिवशी मिसळून, तिसऱ्या दिवशी प्रमाण मराठीत. गोष्ट आधीच ठाऊक असल्यामुळे ‘कुर्ली’च्या जागी ‘खेकडा’ आला तरी अडत नाही.

मोठ्या पाच-सहा वर्षांच्यांना टाळ्यांचा खेळ द्या : बां-ग-डा तीन टाळ्या, मो-री दोन. हे जमलं की मोरी, माड, मीठ यांत सुरुवातीला कोणता आवाज सारखा, ते विचारा. अक्षर दाखवायचं ते यानंतर. तेवढ्या वेळात धाकट्यांना करवंट्या आणि पाण्याचं घमेलं द्या, ओतण्यात ती छान रमतात. फक्त घमेलं तुमच्या नजरेसमोर हवं आणि काम झालं की रिकामं करून ठेवा.

पालकांना सांगायला एक गोष्ट : ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. मुलं येईनात म्हणून ती मुलांच्याच अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, अंगणवाडी त्याआधीची. मुलाच्या अंगणात जायचं तर त्याच्या बोलीला बाहेर कसं ठेवणार?

प्रश्न : नात चार वर्षांची. शंभरपर्यंत घडाघड म्हणते, पण ‘पाच सुपाऱ्या दे’ म्हटलं की मूठभर आणून देते. (एक आजोबा, दापोली)

उत्तर : शंभरपर्यंत म्हणणं ही पाठांतराची ओवी झाली. मोजायला तीन गोष्टी लागतात : एका वस्तूला एकच अंक, ठरल्या अंकावर थांबणं, आणि शेवटचा अंक म्हणजेच एकूण हे कळणं. तिसरी सर्वांत उशिरा येते. पाच सुपाऱ्या मोजल्यावर ‘मग किती?’ विचारा. ती पुन्हा एकपासून मोजू लागली तर अजून तिथे पोचलेली नाही, आणि चार वर्षांना ते चालतं. आधी फक्त ३ पर्यंत ‘दे’ म्हणा, मग ५, मग १०. सुपाऱ्या रांगेतून उचलून करवंटीत टाकायला लावा. हलवलेली वस्तू दोनदा मोजली जात नाही. शंभराची घाई सोडा. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना नंतर, त्यामुळे पुढे २५ चे ५२ होतातच.

वाळवलेल्या आठळ्या, शिंपले चालतील. सालासकट काजूबी मात्र नको, तिच्या सालातल्या तेलाने कातडी भाजते. लाल-काळी गुंज दिसायला गोड, पण चावली गेली तर विषारी. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर सव्वा इंचाहून लहान काहीही जमिनीवर राहू देऊ नका.

प्रश्न : नवरा ट्रॉलरवर असतो. मुलगी तीन वर्षांची, मोबाइलशिवाय जेवत नाही. (देवगड)

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार या वयाला बसून पडदा पाहणं दिवसाला १ तासाच्या आत हवं, कमी तितकं बरं. जेवणातला मोबाइल आधी सोडवा. दोन-तीन दिवस कमी जेवेल, भूक लागली की जेवेल. वजन घटत असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्या. बाबांचा व्हिडिओ कॉल याच्यात धरू नका, त्यात ती बोलते, उत्तर देते. जून-जुलैत मासेमारी बंद असताना ते घरी असतील, तेव्हा जाळं विणायला बसले की शेजारी तिला सुतळीचा तुकडा द्यावा, गाठ मारायला.