2005 च्या मारुती 800 चे वायपर मधेच अडकतात, मोटर बदलावी का?

प्रश्न: गाडी 2005 ची मारुती 800, राहायला अंबाजोगाईत. वायपर दोन-चार फेऱ्या मारून काचेच्या मधोमध अडकतात. हातानं थोडं सरकवलं की परत चालतात. रात्री हेडलाइट लावली की आणखी मंद होतात. गॅरेजवाले नवी मोटर टाका म्हणतात. टाकू का?

उत्तर:

इतक्यात टाकू नका. हातानं सरकवलं की वायपर चालतात, या एका गोष्टीतूनच बरंच कळतं. फ्यूज शाबूत आहे, स्विच करंट देतोय, मोटरही चालू आहे. तिला भार झेपत नाही. मोटरच्या आत वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) असतो. त्यामुळे मोटर वायपरला फिरवते, पण वायपर ढकलून मोटर फिरत नाही. आतले कार्बन ब्रश झिजून मोटर अडली असती, तर वायपरला हात लावून फारसा फरक पडला नसता. तेव्हा मोटरच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकलं की ती उठते. तुमच्या गाडीत माझा पहिला संशय लिंकेजवर, म्हणजे मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या दांड्यांवर आहे, दुसरा अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायच्या वाटेवर.

आपल्याकडे ऑक्टोबर ते मे वायपर जवळपास बंदच असतात. उन्हाळ्याच्या 42 अंशांत स्पिंडलमधलं (वायपर ज्यावर फिरतो त्या आसातलं) ग्रीस वाळतं, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि जूनच्या पहिल्या पावसात त्याचा घट्ट लगदा होतो. गाडी लिंबाखाली लावत असाल तर काचेखालच्या झाकणात पानं आणि लिंबोळ्या साचतात, पाणी जायचं भोक बुजतं आणि स्पिंडलच्या बुडाला गंज चढतो. आधी तो कचरा काढा.

आता तपासणी. दोन्ही वायपर काचेवरून उचलून उभे ठेवा आणि हळू स्पीडवर चालवा. असे झपझप चालले तर दोष रबराचा, मोटरचा नाही. तरीही रखडले तर इग्निशन बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ही तार काढायला विसरू नका; लिंकेजमध्ये हात असताना वायपर सुरू झाले तर बोट जाऊ शकतं. मग मोटरचे बोल्ट सोडून ती थोडी बाहेर ओढा. मागे क्रँक, म्हणजे मोटरनं फिरणारा छोटा दांडा दिसेल. त्याच्या गोळीवर लिंकेजच्या दांडीचं नायलॉन बूश (सांध्यातली टोपी) दाबून बसवलेलं असतं, ते स्क्रूड्रायव्हरचा टेकू देऊन निसटवा. क्रँकचा मधला नट मात्र सोडू नका, नाहीतर वायपर थांबायची जागा हलते.

दांडी सुटली की वायपर बोटानं हलवून बघा. ते सहज, एकसारखे फिरले पाहिजेत. कुठं अडलं, करकर आली किंवा जोर लावावा लागला, तर दोष सापडला. नंतर बॅटरीची तार जोडून नुसती मोटर चालवा. आवाज एकसारखा असेल आणि क्रँक हळू स्पीडवर मिनिटाला साधारण 40-45 फेऱ्या मारत असेल, तर मोटर चांगली आहे.

स्पिंडल काढण्याआधी वायपर काचेवर कुठं थांबतात तिथं चिकटपट्टी लावून खूण करा. वायपरच्या बुडाचा, पॅनेलजवळचा नट बहुधा 10 नंबरच्या पान्यानं सुटतो. वायपरचा दांडा स्पिंडलच्या दात्यांवर घट्ट बसलेला असतो. काचेवर टेकू देऊन उपसायला जाऊ नका, काच तडकते. गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा आणि दांडा मागेपुढे हलवत काढा. खाली स्पिंडलचं लॉक आणि वॉशर निघाले की स्पिंडल बाहेर येतो. तो आणि त्याचं बूश रॉकेलनं धुवा, गंज 400 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा आणि एमपी-3 (मल्टिपर्पज) ग्रीस भरा. नुसता स्प्रे मारून भागवू नका. तो पातळ असतो, काही आठवड्यांत उडून जातो आणि पुढच्या पावसात परत तेच. नायलॉनची बूशं ढिली झाली असतील तर तीही बदला. त्यांच्या खेळानं वायपर काचेच्या कडेला खटखट आपटतात.

हेडलाइटनं वायपर मंद होतात, हे व्होल्टेज कमी पडत असल्याचं लक्षण. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी असतील तर आधी अल्टरनेटरचा पट्टा आणि चार्जिंग बघा. वायपर चालू ठेवून मोटरच्या प्लगवर मोजा. तिथं बॅटरीच्या तुलनेत एक व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर तारेत किंवा स्विचमध्ये करंटला अडथळा आहे. अर्थिंग तपासायला बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड तार मोटरच्या अंगाला टेकवा. वेग लगेच वाढला तर गंजलेली जागा घासून 2.5 चौरस मिमीची तार कायमची जोडून टाका. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीच घालू नका. अडकलेली मोटर करंट ओढत राहते आणि जळते ती वायरिंग.

थांबल्यावर काही मिनिटांनी वायपर आपोआप सुरू होत असतील, तर मोटर तापून आतला कट-ऑफ पडतो. त्यालाही बहुधा जड लिंकेजच कारणीभूत. वायपर बंद केल्यावर खाली न येता मधेच उभे राहत असतील तर पार्किंग स्विचचा संपर्क जळालाय. तो बऱ्याच मोटरींत गिअरच्या झाकणाखालीच असतो, साफ करून चालतो.

रबर दर जूनआधी बदला, उन्हानं ते कडक होतं. वॉशरच्या बाटलीत बोअरचं पाणी घालू नका. क्षारानं नोझलचं भोक पांढरं होऊन बुजतं. बुजलंच तर पिनेनं हळूच मोकळं करा आणि बाटलीत जारचं पाणी भरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 101 प्रमाणे चालणारे वायपर सक्तीचे आहेत, पासिंगलाही बघतात.

एवढं करूनही सुटी मोटर मंद चालली, ठोकल्यावरच सुरू झाली किंवा दोनपैकी एकच स्पीड देत राहिली, तेव्हा मोटर बदला किंवा ब्रश टाकून घ्या. नवी मोटर घेताना जुनी सोबत न्या. प्लगचे पिन आणि क्रँकची लांबी जुळली तरच घ्या. नवी लावल्यावर आधी नुसती मोटर एकदा चालवून बंद करा, म्हणजे ती आपल्या जागी थांबेल, आणि मगच चिकटपट्टीच्या खुणेवर दांडे बसवा.