टेम्प्रानिलो द्राक्ष: गोडीइतकाच आंबटपणाही जपा

मुंबईत नोकरी करून दिंडोरीची वडिलोपार्जित बाग सांभाळणाऱ्या एका बागायतदारांनी, थॉमसन ही खाण्याच्या द्राक्षाची जात काढून टेम्प्रानिलो ही वाइनची लाल जात लावावी का, असे विचारले आहे. त्याच तालुक्यातील दुसऱ्या शेतकऱ्यांचा प्रश्न असा की, त्यांच्या टेम्प्रानिलोची साखर २४ ब्रिक्स (रसातील गोडी मोजण्याचे माप) भरूनही वायनरीने माल दुय्यम का ठरवला. वसईतील एका भगिनींना ही जात आपल्या वाडीत लावायची आहे.

टेम्प्रानिलो ही मूळची स्पेनची जात असून रिओहा आणि रिबेरा देल दुएरो हे तिचे नावाजलेले प्रदेश आहेत. स्पॅनिश भाषेत ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर. तिकडच्या इतर अनेक लाल जातींच्या आधी ती पिकते, म्हणून हे नाव. रिबेराच्या बागा बहुतांशी ७५० ते ९०० मीटर उंचीवर आहेत. तेथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा असल्यामुळे मुळातच कमी आम्ल असलेल्या या जातीचा आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडे फेब्रुवारीत ऊन तापू लागले की साखर झपाट्याने चढते, आम्ल त्याहून झपाट्याने उतरते, आणि नेमके येथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या शेतकऱ्यांनी दिलेल्या घडाचा रस मी स्वतः तपासला, तेव्हा ब्रिक्स २४ आणि सामू (पीएच; तो जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ३.९ भरला, आणि मणी फोडून पाहिले तर बिया अजून हिरवट होत्या. लाल वाइनसाठी सामू साधारण ३.४ ते ३.६ असावा लागतो.

यात त्यांचा निष्काळजीपणा नाही. खाण्याच्या द्राक्षाची सवय वाइनच्या द्राक्षाला नडते. गोडीसाठी शेवटी पोटॅशचा मारा केला की रसाचा सामू वाढतो, म्हणून माती व देठ परीक्षणाशिवाय पोटॅश देऊ नये. मणी फुगवण्यासाठी जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड हे संजीवक) मुळीच वापरू नये, कारण रंग सालीत असतो आणि मणी लहान असला तरच रसाच्या मानाने साल अधिक मिळते. पश्चिमेकडील पाने काढू नयेत, दुपारचे ऊन थेट घडावर येते. घड दाट भरतो व ही जात भुरी या बुरशीजन्य रोगाला लवकर बळी पडते, तेव्हा आतील गर्दीची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूनेच विरळ करावीत. फळछाटणी सप्टेंबरअखेर उरकल्यास मण्यात पाणी उतरण्याचा, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागण्याचा काळ थंडीत येतो, मात्र परतीच्या पावसात केवडा या बुरशीसारख्या रोगाची जोखीम वाढते आणि फवारणीची तयारी नसेल तर ती पत्करू नये.

दिंडोरीच्या बागायतदारांनी रोपे घेण्याआधी वायनरीशी लेखी करार करावा, कारण बियांचे, जाड सालीचे हे द्राक्ष वाशीच्या बाजारात खपणार नाही. रिओहात लाल द्राक्षासाठी हेक्टरी ६५०० किलोची मर्यादा आहे, म्हणजे एकरी जेमतेम २६०० किलो. करारात भाव ठरवताना हा आकडा समोर असू द्यावा, कारण थॉमसनइतका माल वेलीवर धरल्यास रंग येणार नाही.

वसईच्या भगिनींना मात्र नाहीच म्हणावे लागेल. तेथील दमट हवा आणि उबदार रात्री या वेलीला मानवणार नाहीत.