शेतीशाळा संपली, सापळे बांधावरच

प्रश्न : आमच्या गावात (जि. यवतमाळ) कपाशीची शेतीशाळा झाली, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) मिळाले. तरी फवारणी जुन्याच सवयीने चालते. अशा शाळेचा दोन-तीन एकरवाल्याला काय उपयोग?

उत्तर : उपयोग आहे, पण सापळा टांगून नव्हे, मोजून. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी 2 सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. आत गॉसिप्लूरचीच (या किडीच्या मादीच्या वासाची) गोळी हवी. दुसऱ्या किडीची गोळी हाताळलेल्या हाताने ती लावली तर वास मिसळतो. साधारण तीन आठवड्यांनी बदला. सलग 3 रात्री, दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले, तरच फवारणीचा विचार. सोबत 20 झाडांची 20 हिरवी बोंडं फोडून पाहा. बाहेरून बोंड धड दिसतं, आत अळी असते! दोनात अळी सापडली म्हणजे 10 टक्के, मग थांबू नका.

सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो : 5 किलो निंबोळीचा भुगा रात्रभर पाण्यात भिजवून गाळायचा, 200 ग्रॅम साबण घालून 100 लिटर करायचा. शिळा वापरू नका.

खरी अडचण वेगळीच. पतंगाला धुरा (शेताचा बांध) कळत नाही. एकट्याने मोजून भागत नाही, शेजारीही लागतात. आणि वर्गाला माणसं बसतात, कपाशीत दिवसभर वाकतात बाया. डोमकळी (अळीमुळे न उमललेलं, मिटलेलं फूल) आधी त्यांनाच दिसते. पुढच्या हंगामात वर्ग निंदण आटोपल्यावर, शेतातच घ्यायला सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) सांगा.