पहिल्या वर्षी दोनच सिनेमे लावा

दुर्लक्षित राहिलेले सिनेमे गावाला दाखवायचा तुमचा बेत फार चांगला आहे, जरूर करा. फक्त पहिल्या वर्षी दोन संध्याकाळी, रोज एकच सिनेमा ठेवा. नोव्हेंबरअखेर पणजीत इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो, तो काळ टाळा. गावची जत्रा नि काला यांच्या तारखा बघून जानेवारी-फेब्रुवारीतला शनिवार-रविवार धरा. उघड्यावर दाखवणार असाल तर सातच्या आधी पडद्यावर धड दिसत नाही आणि रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो, हे वेळापत्रक करतानाच लक्षात घ्या.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- परवानगी. डीव्हीडी विकत घेतली किंवा सिनेमा यूट्यूबवर आहे म्हणून तो जाहीर दाखवता येत नाही, प्रवेश फुकट असला तरी. हक्क कोणाकडे आहेत ते शोधण्यातच महिने जातात. लेखी होकार हातात आल्याशिवाय पोस्टर छापू नका.

- सबटायटल. देवळाच्या सभामंडपात जमीन सपाट असते. पडदा खाली बांधला की सबटायटलची ओळ पुढच्यांच्या डोक्याआड जाते, मागचे अर्ध्या तासात उठतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून ४-५ फूट वर हवी.

- आवाज. शेवटच्या रांगेत बसून संवाद ऐका. घुमत असतील तर आवाज वाढवू नका, स्पीकर श्रोत्यांकडे वळवा आणि भिंतींवर जाड पडदे सोडा.

- वीज. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवा.

अख्खा सिनेमा त्याच लॅपटॉपवरून आदल्या दिवशी चालवून बघा, नुसती पहिली पाच मिनिटं नको. डीसीपी (थिएटरात सिनेमा ज्या डिजिटल स्वरूपात येतो ते) वगैरेचं पुढच्या वर्षी बघू.