पोस्टग्रेस अपग्रेडचा चेक पास झालाय, मग शनिवारी रात्री अपग्रेड मारू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टवाल्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो, न्हावा शेवाहून निघणाऱ्या कंटेनरच्या एलआर (लॉरी रिसीट, म्हणजे मालाची पावती), बिलिंग, गाड्यांचं जीपीएस सगळं पोस्टग्रेस डेटाबेसच्या 11 व्हर्जनवर, सेंटओएस 7 लिनक्सच्या जुन्या मशीनवर. आता रॉकी लिनक्स 9 वाली नवी मशीन आलीय. डेटा फोल्डर तिकडे कॉपी करून 16 व्हर्जनसाठी पीजी_अपग्रेडचा (व्हर्जन बदलणाऱ्या टूलचा) चेक, म्हणजे नुसती पूर्वतपासणी, चालवला, आधी 'विथ ओआयडी' (प्रत्येक रोला छुपा नंबर असलेल्या) टेबलांवर अडला, मग पोस्टजीआयएसची (नकाशा-लोकेशनच्या जोडणीची) लायब्ररी नाही म्हणाला. दोन्ही निस्तरलं, आता क्लस्टर (जुना-नवा डेटाबेस) कम्पॅटिबल आहेत असं येतंय. शेठ म्हणतात शनिवारी रात्री उरकून टाक. करू का?

उत्तर : या शनिवारी नको. चेक खोटं बोलत नाही, पण तो बघतो ती टेबलांची रचना, डेटा टाइप, लायब्ररी सापडतात का, असलं. तुमच्या क्वेऱ्या तो वाचतच नाही. ओआयडी 12 व्हर्जनपासून गेले म्हणून तो अडला, तुम्ही 'सेट विदाउट ओआयडी' मारलं असणार, ठीक, पण जुन्या रिपोर्टात कुणी ओआयडीवरून रो शोधत असेल तर ते सोमवारी सकाळी गेटवर गाड्यांची रांग लागल्यावर कळेल. कोडमध्ये आधी शोधून घ्या. आणि चालू डेटाबेसवर ओआयडी काढताना अख्खं टेबल नव्यानं लिहिलं जातं, तोवर लॉक, तेव्हा दिवसा हात लावू नका.

मला खरी भीती वाटते ती मशीन बदलण्याची. पीजी_अपग्रेड इंडेक्सच्या (शोध पटकन लागावा म्हणून क्रमाने लावलेल्या यादीच्या) फाइली जशाच्या तशा उचलतो, आणि टेक्स्टचा क्रम बहुतेक ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीवरून ठरतो. हा क्रम जीलिबसी 2.28 मध्ये बदलला, सेंटओएस 7 वर 2.17 आहे, रॉकी 9 वर 2.34. लोकॅल (डेटाबेसची भाषेची सेटिंग) इंग्लिश यूटीएफ-8 असेल तर जुनीकडे '11' आधी आणि '1-1' नंतर यायचं, नवीकडे उलटं. एलआर नंबरात डॅश असतातच ना! मग इंडेक्स जुन्या क्रमाने लागलेला आणि शोध नव्या क्रमाने, एलआर असूनही सापडत नाही, युनिक असूनही तोच नंबर दुसऱ्यांदा चढतो, आणि एरर कुठेच नाही. चेकला यातलं काहीही दिसत नाही. लोकॅल 'सी' असेल तर हा त्रास नाही, ते आधी बघा. नसेल तर अपग्रेडनंतर टेक्स्टवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स, म्हणजे नव्याने बनवायचे, त्याआधी कुणाला लॉगिन द्यायचं नाही.

लिंक मोड (फाइली कॉपी न करता जुन्याच वापरणं) वापरणार असाल तर चेकही त्याच ऑप्शननं चालवा. जागा वाचते, वेळही वाचतो, पण नवा सर्व्हर एकदा चालू केला की त्या जुन्या फोल्डरवर परत जाता येत नाही, म्हणून जुनी मशीन लगेच पुसू नका. 16 मध्ये स्टॅटिस्टिक्सही (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारी आकडेवारी) सोबत येत नाहीत, व्हॅक्यूमडीबी टूलनं ॲनालाइझ करून ती नव्याने गोळा केली नाही तर सगळं रडत चालतं आणि शिव्या नव्या मशीनला बसतात.

माझं विचाराल तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचा डेटा केवढा असणार? एका कॉपीवर पीजी_डंप आणि रिस्टोअर (सगळा डेटा बाहेर काढून नव्यात पुन्हा भरणं) करून घड्याळ लावा. रात्रीत बसत असेल तर तोच रस्ता धरा, इंडेक्स नव्यानेच बनतात, जीलिबसीची भानगडच उरत नाही. त्याच कॉपीवर महिनाअखेरचं बिलिंग चालवून आकडे जुन्याशी जुळवा, ते जुळले की शेठना पुढचा शनिवार सांगा.