अर्धवट काम दाखवत जा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘प्रोग्राम पूर्ण झाल्याशिवाय कुणाला दाखवणार नाही’ असं तू लिहिलं आहेस, ते मला मुळीच पटलेलं नाही.

टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला टाइप करून कमांड देतात त्या पडद्यावर, तू दिवसभर पाइप वापरतेस: एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडचं इनपुट. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना १९६४ साली एका टिपणात मांडली. बागेत पाण्याच्या नळ्या जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जन्मही झाला नव्हता. १९६९ मध्ये तिथल्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ नावाच्या एका जुन्या संगणकावर ते सुरू केलं आणि मॅकिलरॉय पुन्हा पुन्हा तेच सुचवत राहिले. ते विभागप्रमुख होते, हुकूम सोडू शकले असते. त्यांनी तो सोडला नाही. पाइप नेमका लिहायचा कसा हेच जमत नव्हतं, तरी कल्पना सगळ्यांसमोर मांडलेली होती. अखेर १९७३ मध्ये एका रात्री थॉम्पसन यांनी ती बसवली. दुसऱ्या दिवशी जो तो एका ओळीत कमांडमागून कमांड जोडून बघत होता!

मग पाइपचा जनक कोण? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. थॉम्पसन नसते तर ते टिपण फायलीत राहिलं असतं. मॅकिलरॉय नसते तर त्या रात्री बसवायला काही नसतंच. आणि बाकीच्यांनी लगेच वापरायला घेतलं नसतं, तर सगळं तिथेच थांबलं असतं.

कोड मात्र थॉम्पसन यांनी एकट्यानेच लिहिला. एकांत तुलाही हवाच, त्याला माझी ना नाही.

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं आहे, ते जरूर वाच. त्यात प्रत्येक कमांडची जबाबदारी कुणाकडे आहे त्याचं नाव दिलेलं असतं आणि ‘बग्ज’ असा स्वतंत्र मथळा असतो. आपल्या कामातले दोष आपणच छापायचे! या मंडळींबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो तो या पानांमुळे. दोष लिहून ठेवला की दुसऱ्याला मदतीला यायला वाट मिळते.

तेव्हा शनिवारपर्यंत कोड आहे तसा पाठव. सोबत एक पान जोड: काय चालतं, कुठे अडतं. तुमच्या टेस्टिंगवाल्यांनाही ते दे. माझ्याआधी त्यांना दिलंस तर अधिक चांगलं.